सातवा वळसा

आईबापांनी नाव ठेवलं दिग्विजय, आणि हा गृहस्थ आयुष्यात एकदाही सरळ दिशेला गेलेला नाही. जांब्याहून हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत यायला सरळ रस्ता आहे. हा नेरे, मारुंजी असा फिरून येतो. वीस मिनिटं जास्त लागतात. विचारलं तर म्हणतो, "पण गाडी थांबत न्हाई ना कुटं."

मी जुईली, अकोल्याची. दिग्विजयच्या आईच्या, म्हणजे सगुणाबाईंच्या चाळीत मी भाड्याने राहते आणि ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर बसते. थोडक्यात, हा माणूस मला चोवीस तास पुरून उरतो.

आमची कंपनी गणिताचं सॉफ्टवेअर बनवते. समीकरण टाकायचं, ते उत्तर काढून देतं. निदान द्यायला हवं. पण एखाद्या समीकरणाला दोन उत्तरं असली आणि त्यातलं एक शून्य असलं, की हे पठ्ठं ते शून्य गिळून बसायचं. मग कुठला तरी इंजिनिअर वैतागून फोन करायचा आणि तो फोन दिग्विजयकडे यायचा. चूक दुरुस्त होईपर्यंत लोकांना वाट काढून देणं हेच त्याचं काम. "असं करा साहेब," तो म्हणायचा, "क्षच्या जागी य वजा एक लिहा. उत्तर आलं की त्यातून एक काढून टाका. मग शून्य कुठं पळतंय बघू." ह्याला तो वळसा म्हणायचा. सहा वर्षांत असे एक्केचाळीस वळसे त्याने शोधले. कागदावर एकही नाही. सगळे डोक्यात, आणि कोणाला कोणता सांगितला तेही डोक्यात.

चुका दुरुस्त करणं हे माझं काम. मला वळसे आवडत नाहीत. "तुझ्यामुळे चुका सुखाने नांदतात," असं मी त्याला येता-जाता सुनावायचे. तो नुसता हसायचा.

हा गुण घरातूनच आलेला. चाळीचं लोखंडी फाटक आठ वर्षं खचलेलं होतं. कडी काढली तरी उघडायचं नाही. डाव्या हाताने उचलायचं आणि गुडघ्याने जोरात रेटायचं. नव्या भाडेकरूला सगुणाबाई खोली दाखवायच्या आधी फाटक शिकवायच्या. "उचलल्याबिगर हलायचं न्हाई त्ये." वेल्डर गावातच होता, पण त्याला बोलवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पोटाची काळजी दिग्विजयला नव्हती. नऊ खोल्यांचं भाडं येत होतं. पण घरात तो दिग्या, गावात दिग्या, आणि चुलत्याच्या दोन वर्षांच्या नातीलाही दिग्याच. त्याला सर म्हणणारी माणसं फक्त त्या फोनच्या पलीकडे होती. फोन उचलताना तो शर्टाची कॉलर नीट करायचा, हे मी स्वतः पाहिलंय. चेष्टाही केली आहे.

यंदा नवं व्हर्जन आलं आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चुका गेल्या. त्यातल्या पंचवीस तरी मी मारल्या होत्या. दोन दिवस मी मोठ्या तोऱ्यात फिरले. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने दिग्विजयला बोलावून सांगितलं, की आता वळसे लागणार नाहीत, तेव्हा महिनाअखेरीला तुमचं काम संपतंय. तो टेबलाशी परत आला आणि मला म्हणाला, "झ्याक झालं की काम तुमचं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी त्याने कपाळावर हात मारला. "जुईली, सातवा!"

सातवा वळसा सगळ्यात सोपा होता. एका जातीच्या समीकरणात उत्तराचं चिन्ह नेमकं उलटं यायचं. म्हणून त्याने लोकांना सांगितलं होतं, जे उत्तर येईल त्यापुढे वजा लावा. आता सॉफ्टवेअर शहाणं झालं होतं, आणि त्याची माणसं इमानाने वजा लावून बरोबर उत्तर चुकवणार होती. बाकीचे वळसे निरुपद्रवी. जुन्या वाटेने गेलं तरी उत्तर तेच. उलटणारा हा एकटाच. नव्या व्हर्जनच्या माहितीत मी ही दुरुस्ती नोंदवली होती, अकराव्या पानावर. ते पान कोणी वाचलं असेल तर मी नाव बदलीन.

"किती जणांना सांगितला होतास?"

"त्रेसष्ट."

"मग गप्प बस," मी म्हणाले. "उत्तरं चुकली की हे त्रेसष्ट जण बोंबलत येतील. दिग्विजय सर कुठे आहेत म्हणून विचारतील. मॅनेजर स्वतः तुझे पाय धरेल." सरळमार्गी म्हणून मिरवणारी मी, आणि हे बोलले. अजून लाज वाटते.

त्याने माझ्याकडे बघितलं. "तोवर कुणी त्या उत्तरावर पाण्याची टाकी बांधली म्हंजे?" तो म्हणाला. "न्हाई जुईली. ह्यात वळसा न्हाई."

आणि त्याने फोन उचलला. कॉलर नीट केली. पुढचे नऊ दिवस तो आपणच शिकवलेलं विसरायला सांगत होता. लोक चिडले. एकाने विचारलं, "तेव्हा लावा म्हणालात, आता लावू नका म्हणता, डोकं ठिकाणावर आहे का?" ह्याने तेही ऐकून घेतलं. बासष्ट जण झाले. रोह्याचा एकनाथ तेवढा राहिला. त्याचा फोन काही लागेना. महिना संपला. दिग्विजयने डबा आणि चार्जर पिशवीत घातला आणि घरी गेला, नेऱ्यावरूनच.

दुसऱ्या दिवशी त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी मला करमेना. संध्याकाळी चाळीत आले, डाव्या हाताने फाटक उचललं, गुडघ्याने जोरात रेटलं. फाटक अलगद उघडलं आणि मी अंगणात पालथी. पोरगं घरी बसलंय तर एवढं तरी होऊ दे म्हणून सगुणाबाईंनी सकाळी वेल्डर आणवला होता.

दिग्विजय बनियनवरच धावत आला. हातात फोन, त्याचा स्पीकर चालू. पलीकडे रोह्याचा एकनाथ होता, एकदाचा लागलेला.

"म्हणजे सर, आता काहीच करायचं नाही?"

"काही नाही, एकनाथराव. येईल ते उत्तर घ्या."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं, सर. पण उद्या अडलं तर फोन कोणाला करायचा?"

दिग्विजयचा हात कॉलर शोधत गळ्याशी गेला. कॉलर नव्हती. "ह्याच नंबरवर करा," तो म्हणाला.

सगुणाबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "कुणाला सर म्हन्तोय गं त्यो?"

"तुमच्या दिग्याला, मावशी."

त्यांचा लसूण हातातच राहिला. 

"मंग सरांस्नी म्हनावं," त्या म्हणाल्या, "नऊच्या नऊ खोल्यांस्नी फोन लावा. फाटक आता उचलायचं न्हाई म्हनून सांगा."