समुद्राकाठून आणलेलं गोडं पाणी

त्या दुष्काळात आमच्या गावात दोनच गाड्या यायच्या. पाणी आणणारा टँकर आणि दूध नेणारा टेम्पो. टँकर कधी येणार हे टँकरलाही ठाऊक नसायचं; टेम्पो मात्र रोज सकाळी सोसायटीपुढे हजर. रानात सावली इतकी आटली होती की कावळे विसाव्याला त्या टेम्पोखाली यायचे. पटत नसेल तर कावळ्यांना विचारा.

मग शहरातल्या दूध संघाचा निरोप आला. दूध कमी झालं, कॅन अर्धेच भरतात, टेम्पो परवडत नाही, बंद करतो. टेम्पो बंद म्हणजे म्हशी केजच्या बाजारात उभ्या करायच्या आणि माणसांनी कोयते घेऊन लांबच्या साखर कारखान्यांचा रस्ता धरायचा.

दूध सोसायटीचा चेअरमन माझा शाळेपासूनचा मित्र. त्यानं संघाच्या साहेबाला फोन केला. साहेब सुट्टी घेऊन कोकणात समुद्रावर गोल्फ खेळायला गेलेला. म्हणाला, "मी ऑफिसात असतो तर नक्की भेटलो असतो." चेअरमननं त्यातलं 'नक्की' तेवढं उचललं आणि जीप काढली. सोबतीला मी, आणि ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा आमचा तिसरा मित्र, मुकादम. निघताना चेअरमनची चुलती कॅन धूत म्हणाली, "टेंपो घिऊनच ये रं बाबा." त्यानं मान डोलावली. ती मान त्याला पुढं लई जड गेली.

आम्ही संध्याकाळी पोचलो. पलीकडे समुद्र आणि अलीकडे ते मैदान. हिरवं म्हणजे किती? आमच्या जीपचे धुळीनं पांढरे झालेले दिवे हिरवे दिसायला लागले. मुकादम खाली बसला, चार काड्या उपटून चावल्या. "गोड हाय बे. आपली म्हस हितं एका जागी बसून म्हातारी हुईल."

साहेब मनानं वाईट नव्हता, हीच मोठी अडचण. वाईट असता तर भांडून मोकळे झालो असतो. त्यानं हसून आमच्या हातात काठ्या दिल्या. "आलाच आहात तर खेळा."

चेअरमननं तोंड उघडलं, "सायेब, टेंपोचं जरा..."

"श्श!" कुणीतरी चेंडू मारणार होतं. या खेळात कुणी मारायला उभा राहिला की बाकीच्यांनी श्वाससुद्धा हळू घ्यायचा. आणि तिथं सतत कुणी ना कुणी मारायला उभाच. तोंड उघडलं की श्श, मिटलं की पुढच्या झेंड्याकडे चला. अर्धा कोस चाललो, पण टेम्पोच्या पुढे वाक्य सरकलं नाही.

मुकादमाची पाळी आली. ऊस बुडातून तोडायचा, हे त्याच्या हाताचं जन्माचं वळण. तो कंबरेत वाकला आणि काठी कोयत्यासारखी फिरवली. चेंडू जागेवर, आणि गवताचं परातीएवढं ढेकूळ समुद्राच्या दिशेनं निघालं. माझ्या अंदाजानं ते अजून उडतंय.

साहेबानं कपाळाला हात लावला. मुकादम मात्र खड्ड्यात बोटं घालून बसला होता. "ओल हाय रे! वीतभर खाली गेलं तरी ओल हाय!" आम्ही दोघंही उकिडवे बसलो. तान्हं मूल बघावं तसं तिघं त्या खड्ड्यात बघत राहिलो.

शेवटच्या झेंड्यापाशी साहेबाचा चेंडू भोकापासून हातभर अंतरावर थांबला. साहेब खूश. "एवढा आत घालतो, मग तुमचं निवांत बोलू."

आणि नेमके तेव्हाच उतारावरचे फवारे सुरू झाले. माणूस नाही, पीक नाही, आणि पाणी नुसतं नाचतंय. चेअरमनचे पाय तिकडे वळले. चालू नळ दिसला की बंद करायचा, ही आमच्याकडे सवय नाही, तो आमच्या हाडाचाच भाग झालेला आहे. मी कुजबुजलो, "जाऊ नगंस बे." तो गेलाच. झुडपामागचा व्हॉल्व्ह त्यानं दोन्ही हातांनी गच्च आवळला.

पाणी थांबलं. पण मागून मोटर ढकलतच होती. साहेबाच्या पायाजवळ जमीन फुगली, फट्ट आवाज झाला आणि माडाएवढी धार वर गेली. चेंडू वाहून गेला.

शहाण्या माणसांनी लांब पळायला हवं होतं. आम्ही धारेकडे धावलो. मुकादमानं काठ्यांची पिशवी रिकामी करून खाली धरली. मी साहेबाच्या शीतपेयांच्या थंडपेटीतल्या बाटल्या गवतावर ओतल्या आणि पेटी लावली. आणि खोटं सांगत नाही, आम्ही रांग लावली. चेअरमन टोपी धरून मागे उभा राहून ओरडला, "भरली की सरका ना बे! मागं मान्सं हायत!" मागं फक्त समुद्र होता.

साहेब मोजे पिळत आमच्याकडे बघत होता. रागावला नाही. हळूच म्हणाला, "या पाण्याचं करणार काय तुम्ही?"

 मग चेअरमननं ओल्या टोपीसकट हात जोडले. "सायेब, टेंपो तेवढा..." या वेळी त्याला कुणी श्श केलं नाही.

"निर्णय वरून झालाय हो," साहेब म्हणाला. "मागच्याच आठवड्यात. मी सही करणारा माणूस, मी तरी काय करू?"

म्हणजे चेंडू भोकात गेला असता तरी तेच. पण परतीच्या वाटेवर चेअरमन घोकत होता, "म्या व्हॉल्व्ह आवळला न्हाई पायजे हुता." मी म्हणालो, "वरूनच झालतं रे." तो ऐकेना. स्वतःची चूक तरी हातातली असते. 'वरून'ला कुठं धरायचं?

साहेबानं परत न मागितलेली ती भरली थंडपेटी चेअरमननं मांडीवर घेतली होती. "ओतून दे," मुकादम म्हणाला. "कुठं ओतू?" त्यानं विचारलं. घाटात निम्मं पाणी त्याच्या धोतरावर सांडलं.

सकाळी गावात शिरलो तेव्हा सोसायटीपुढे कॅन घेऊन माणसं उभी होती. चुलती पुढं आली. "काय म्हणले सायेब?"

चेअरमननं मान वर केली नाही. तिच्या म्हशीपुढे पेटी ठेवली. म्हशीनं एका दमात तळ चाटून पुसला, तोंड वर केलं आणि आणखी मिळेल म्हणून त्याच्याकडे बघत उभी राहिली. चुलतीही तशीच.