शेजारणीच्या पाटीवरची मी

माझ्यावर कधी कुणी जुलूम केला नाही, हीच माझी खरी अडचण होती. विसाव्या वर्षाच्या आत विधवा होऊन माहेरी आले, तर भावानं वरची खोली रिकामी करून दिली. वहिनीनं कधी वाकडा शब्द काढला नाही. पुढं नाशिकमध्येच बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात नाव घातलं तेही भावानंच. मी शिकून परत येणार, घराजवळच्या शाळेत शिवण शिकवणार आणि वहिनीच्या हाताखाली असणार, हे सगळे धरून चालले होते. आणि मला तिथं परत जायचं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता पंचेचाळिशी उलटली, आता सांगायला हरकत नाही. इतक्या चांगल्या माणसांपासून लांब जावंसं वाटणारी बाई म्हणजे काय म्हणावं, असं वाटून मी गप्प राहायची. गप्प राहायची म्हणून लोक मला शांत म्हणायचे. पुढं पुढं मलाही ते पटलं.

ही महायुद्धाच्या आधीची, तीस सालानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. घर गावातच असलं तरी कॉलेजच्या वसतिगृहात राहावंच लागे; तिथं आम्ही तीसेक जणी होतो. आमच्या मुख्य बाई मुंबईला शिकून आलेल्या. कळवणला मुलींची नवी शाळा निघणार होती आणि तिथं आमच्यातली एक पाठवायची होती. काम साधं नव्हतं. घरोघर जायचं, आईबापांशी हुज्जत घालायची, मुली गोळा करायच्या, मग शिकवायचं. मी मनातल्या मनात रोज कळवणला जाऊन येत होते. पण मागायचं कुठल्या तोंडानं? ते तर माझं कधी उघडतच नव्हतं.

एका सकाळी बाईंनी फळ्यावर वीस प्रश्न लिहिले. म्हणाल्या, "ही स्वभावाची परीक्षा. यात पास-नापास नाही. पाटीवर आकडा टाकून फक्त हो किंवा नाही लिहायचं. माणसाचं मन आत वळलेलं आहे की बाहेर, ते यातून कळतं. कळवणला कोण पाठवायची ते मी यावरूनच ठरवणार आहे."

चारचौघांत बोलायला आवडतं का? राग चटकन येतो का? नवख्या माणसाशी ओळख काढता का? असे प्रश्न. आम्ही पाट्या पुढं ओढल्या आणि आमच्यातल्या एकीलाही कळलं नाही की आम्ही काय करतोय. आम्हा बायकांना जन्मात एकदाच असे ओळीनं प्रश्न विचारलेले असतात, बघायला आलेल्या मंडळींनी. तेव्हा काय उत्तरं द्यायची ती आईनं घोकून घेतलेली असतात. हात आपोआप तीच लिहीत गेला. बोलायला आवडतं? नाही. राग येतो? नाही. 'स्वतःचे निर्णय स्वतः घेता का?' या प्रश्नापाशी सगळा वर्ग अडला. शेवटी मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "बाई, याचं उत्तर घरी विचारून उद्या दिलं तर चालेल का?"

बाईंनी पाट्या तपासल्या. एक, दुसरी, तिसरी. मग भराभर सगळ्या. चेहरा लाल.

"तीस बायका आणि स्वभाव एकच? सगळ्या शांत, सगळ्या सोशिक, राग कुणालाच नाही? अहो, पंचवटीच्या बाजारातून तीस वांगी आणली तरी त्यात दोन किडकी निघतात! मी काय तुमची लग्नं जमवायला बसलेय?"

खाली माना. मग बाई म्हणाल्या, "पुसा पाट्या. आता स्वतःचं लिहायचं नाही. शेजारणीचं लिहा. आणि खरं लिहा."

अहाहा! वर्गात जे काही चैतन्य सळसळलं म्हणता! जिला स्वतःबद्दल एक 'हो' लिहिताना घाम फुटला होता, तिची पेन्सिल शेजारणीच्या बाबतीत करकर धावायला लागली. माझ्या शेजारी माझ्याच खोलीतली मैत्रीण होती, लासलगावाकडच्या एका खेड्यातली. ती पाटीवर पालथी पडून लिहीत होती. पुढची बाजू भरली, तिनं पाटी उलटी केली.

"अगं, नुसतं हो-नाही लिहायचंय," मी कुजबुजले.

"गप बस. तुझं लय हाय," ती म्हणाली.

बाई एकेक पाटी मोठ्यानं वाचू लागल्या. आमच्यातली सगळ्यात भाविक म्हणून प्रसिद्ध असलेली बाई झोपेत शिव्या देते, हे त्या दिवशी कळलं. हसून हसून सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं. आणि मग माझ्यावर लिहिलेली पाटी आली.

"चारचौघांत बोलायला आवडतं का? हो. पण दार लावल्यावर," बाई वाचत होत्या. "नवख्या माणसाशी ओळख काढते का? हो. भाजीवालीला तिच्या सासूचं नाव विचारून आली. राग येतो का? हो, पण राग आला की त्या माणसाची नक्कल करते. सगळ्यांची करते." बाईंनी पाटी उलटी केली. "बाईंची फार छान करते."

माझे कान तापले. मैत्रिणीकडं पाहिलं, तर ती छताकडं बघत होती.

"उभ्या राहा," बाई म्हणाल्या. मी उभी राहिले. "करून दाखवा."

"बाई, मी..."

"करून दाखवा म्हटलं ना?"

कसं झालं ते आजही सांगता येत नाही. उभी होते एवढं आठवतं. मग माझा हात नाकाकडं गेला, नसलेला चष्मा मी काढला, पदराच्या टोकानं पुसला, उजेडाकडं धरून एक डोळा बारीक केला आणि नाकातून म्हणाले, "हं. पुढं?"

कुणी हसलं नाही. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी सावकाश आपला चष्मा काढला, पदरानं पुसला, उजेडाकडं धरला.

"हं," त्या म्हणाल्या. "पुढं?"

त्यानंतर वर्गात जो हलकल्लोळ झाला! एकीनं बाकावर डोकं टेकलं ते वर काढीना. बाई स्वतः डोळे पुसत होत्या. आणि मी थांबलेच नाही. भाजीवाली केली, वसतिगृहाचा आचारी केला, घाटावर यजमान ओढणारे भटजी केले. अंगातून काहीतरी भसाभस वर येत होतं, गार सोडावॉटरच्या बाटलीची गोळी आत ढकलल्यावर येतं तसं. बाईंनी पाटीवरचे 'हो' मोजले आणि फळ्यावर माझ्या नावापुढं लिहिलं : बहिर्मुख. मन बाहेर वळलेलं. मी ते अक्षर न् अक्षर वाचलं. डॉक्टरनं रोग नाही म्हणून सांगावं, तसं हलकं हलकं वाटलं. मी वाईट नव्हते, कृतघ्न नव्हते. फक्त चुकीच्या बाजूनं दार लावून बसले होते!

तास संपल्यावर मी बाईंच्या खोलीपाशी गेले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "मला कळवणला पाठवा."

"पाठवेन. पण तुमच्या भावाची परवानगी?"

"त्याला मी सांगते," मी म्हणाले. हे वाक्य माझंच होतं, तरी मी दचकले.

भाऊ रविवारी भेटायला आला. वहिनीनं करून दिलेल्या लाडवांचा डबा त्याच्या हातात. ते लाडू बघून माझं अवसान निम्मं गळालं. तरी सांगून टाकलं, एका दमात. तो हसायलाच लागला.

"तू? तू दारोदार फिरणार? लोकांशी भांडून मुली आणणार? अगं, आमटीत मीठ कमी असलं तर तेवढं तुला सांगवत नाही!"

"मीठ रोजच कमी असतं, दादा."

तो हसायचा थांबला. "रोज?"

"रोज. आणि वरच्या खोलीत मला एकटीला करमत नाही. आणि तुम्ही फार चांगले आहात म्हणून मला काही बोलता येत नाही."

बराच वेळ तो हातातल्या डब्याचं झाकण उघडत-मिटत बसला. त्याला लागलं होतं. मला दिसत होतं. शेवटी म्हणाला, "मिठाचं वहिनीला कळू देऊ नकोस." मग डबा माझ्या हातात देत, "तिकडं थंडी फार असते म्हणतात. माझी घोंगडी घेऊन जा."

तो फाटकाबाहेर पडला तेव्हा त्याची पाठ थोडी वाकलेली वाटली. मला अपराधी वाटलं, खोटं कशाला सांगू? रडूसुद्धा आलं. पण खोलीवर आले, मैत्रिणीनं दारातच विचारलं, "काय म्हनला?" आणि मी तोंड उघडलं तर आतून भावाचाच आवाज निघाला, "रोज?" ती माझ्या हातून घेतलेला लाडूचा डबा पोटाशी धरून हसत खाली बसली. मग मीही बसले.