मेडिकलवर मी 'नाही' म्हणालो

"लिव्हर फेल्युअर, म्हणजे यकृतानं काम सोडलंय," नंदुरबारच्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "यांनी गोळ्या कोणत्या घेतल्या?"

आबांचे डोळे पिवळे झाले होते. तरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मन्हा पोऱ्या कॉलेजमा शे. त्यानीच दिन्यात."

आबा, म्हणजे माझे वडील, म्हसावदकडे केळीचे घड वाहतात. संध्याकाळी ट्रक भरला की सगळे मिळून पितात. त्याशिवाय खांदा मोकळा होत नाही म्हणतात. रोजचंच असल्यामुळे मला ते पिणं वाटतच नव्हतं. बाहेर सांगायची मात्र लाज वाटायची.

त्यांना ताप आला. जेवण सुटलं, दारू सुटली नाही. मी शहाद्याहून गोळ्या आणल्या. मेडिकलवाल्यानं विचारलं, "रोज पितात का?" मागे माझ्या वर्गातली मुलं उभी होती. मी नाही म्हणालो.

घरात सर्दीच्या गोळ्या होत्याच. दोन्ही पाकिटांवर पॅरासिटामॉल लिहिलेलं मी वाचलं होतं. तरी एक तापाची, एक सर्दीची, असं समजून दोन्ही देत राहिलो. अंग फार दुखलं की आणखी एक. "डॉक्टर व्हई गया मन्हा पोऱ्या!" आबा हसायचे. पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या.

मॅडमनी समजावून सांगितलं. या गोळीतून शरीरात थोडं विष तयार होतं. यकृत ते मारतं. रोज पिणाऱ्याच्या शरीरात विष जास्त बनतं आणि ते मारणारा साठा कमी असतो. उपाशीपोटी तर आणखी कमी. मॅडम मला रागावल्या नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सलाईनमधून उतारा चालू आहे, पण आम्ही उशिरा आलो. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, रोज सकाळी होते. आकडा उतरायला हवा. तो चढतोच आहे. मोठ्या शहरात नेण्याचं विचारलं, तर मॅडमनी नकारार्थी मान हलवली. माय बाकावर बसून असते.

तुमच्या घरी कुणी पीत असेल तर गोळी घेताना सांगा. कितीही लाज वाटली तरी सांगा.

काल आबांना मी नीट ओळखू आलो नाही. पुटपुटले, "खांदा दुखस रे. एक गोळी दे ना."

"नाही आबा," मी म्हणालो, आणि खांदा चोळत बसलो.