वणीच्या हॉटेलातलं जेवण

आमची तान्ही पोर गेल्यावर घरात कोणी तिचं नावही काढू देत नव्हतं. मी बोलणंच सोडलं होतं. एक दिवस हे म्हणाले, "चाल, वणीले नवीन हॉटेल निघालं. मद्रासी, पंजाबी, गुजराती, सारं भेटते तिथं." मला वाटलं, तिथे दोघंच समोरासमोर बसू, तेव्हा यांच्याशी पोरीबद्दल बोलेन.

मोटार स्टँडवर यांचे मोठे भाऊ, माझे भासरे, भेटले आणि सोबतच आले. भासऱ्यांसमोर बोलायचं नाही, खायचंही नाही, ही आमच्याकडची रीत. हॉटेलात मी पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसले. माझ्यापुढे दोसा आला. ते दोघं कापसाच्या गोष्टी करत जेवत होते.

"मले पाहून तिची भूकच पयाली," भासरे हसून म्हणाले. "थंडा होऊन राह्यला तो. सरकव इकडे."

यांनी माझी ताटली सरकवली आणि तेही हसले.

परतीच्या मोटारीत हे हळूच म्हणाले, "आता बरं वाटते ना तुले?"

भासरे मागच्याच बाकावर होते. मी नुसती मान हलवली. पोरीबद्दलचं बोलणं त्या दिवशी राहिलं ते राहिलंच.