टाचांचं मलम

सिद्धम्माला राग यायला कारण लागत नाही, असं तिचा नवरा मलप्पा दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचा. हे साफ खोटं होतं. कारण लागायचंच, आणि ते बहुतेक वेळा मलप्पाच पुरवायचा.

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जिल्हा आला म्हणजे कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून साहेब आले, साहेबांमागून त्यांच्या बायका आल्या. पाणी तेवढं आलं नाही. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि नळ आठवड्यातून एखाद्या वेळी खोकल्यासारखा आवाज करून दोन घागरी भरायचा. मलप्पाला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. ‘आता आपलं लातूर जिल्हा हाय’ हे वाक्य तो अशा थाटात बोलायचा, की जिल्ह्याची हद्द यानंच उठून आखली असावी. घराचा पुढचा भाग त्यानं एका साहेबांना भाड्यानं दिला होता आणि साहेब दुकानावरून गेले की हा गादीवरून अर्धा उठायचा.

मागच्या अंगणात सिद्धम्माची फुलझाडं होती. देशी गुलाब, शेवंती, कडेनं झेंडू. आजूबाजूची झाडं करपून गेली तरी ही तग धरून होती, कारण घरातला पाण्याचा एक थेंब ती वाया जाऊ देत नसे. तांदूळ धुतलेलं पाणी गुलाबाला, डाळ धुतलेलं शेवंतीला. न्हाणीची पन्हळ तिनं स्वतः दगड लावून आळ्यात वळवून घेतली होती. साहेबीणबाईंनाही तिनं हात जोडून सांगितलं होतं, की आंघोळीचं पाणी गटारात सोडू नका, बादलीत धरून मला द्या. साहेबीणबाई म्हणाल्या, “अय्या, किती छान कल्पना आहे, काकू!” आणि पाणी गटारातच सोडत राहिल्या.

या फुलांचं सिद्धम्मा मलम करायची. देगलूरला माहेरी तिची आई करायची, तिथूनच तिनं उचललेलं. पाकळ्या सावलीत पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवायच्या. ओल राहिली की मलमाला बुरशी आलीच म्हणून समजा. मग तिळाच्या तेलात बुडवून बरणी उन्हात ठेवायची, तेलानं फुलाचा रंग घेतला की फडक्यातून गाळायचं. शेजारची शहजादी कुठून तरी मधाच्या पोळ्याचं मेण आणून द्यायची. ते मंद निखाऱ्यावर तेलात विरघळवायचं आणि गार होईपर्यंत लाकडी डावानं घोटत राहायचं. घोटताना हात थांबला की खडे होतात. हे घोटणं सिद्धम्मा एकटी करायची. मलम मागायला मात्र सगळी गल्ली यायची.

“अक्का, हात लई फुटले.” “अक्का, लेकराचे गाल तडकून गेले.” “काकू, चेहऱ्याला चालतं का हो?” डबी हातात पडली की जो तो खूश. पण एकीनं कधी म्हटलं नाही, की अक्का, ही घ्या अर्धी घागर, तुमच्या गुलाबाला घाला. सिद्धम्मा प्रत्येकीला डबी द्यायची आणि प्रत्येकीला दोन शब्द सुनवायची. डबीसाठी बाया ते ऐकून घ्यायच्या.

त्या वर्षी फुलं कमी, म्हणून मलमही जेमतेम झालं. त्यातली सगळ्यात मोठी डबी सिद्धम्मानं साखराबाईसाठी फळीवर बाजूला ठेवली.

साखराबाई तिच्याकडे कित्येक वर्षं भांडी घासायला होती. दुष्काळ पडल्यापासून ती दिवसा गावाबाहेर पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायची आणि परतताना सिद्धम्माकडची भांडी उरकायची. पाणी नव्हतंच, भांडी राखेनं घासायची आणि ओल्या फडक्यानं पुसायची. दोघींचं रोज भांडण. कढईच्या बुडावरून भांडण, राख सांडली म्हणून भांडण, एखाद्या दिवशी भांडायला काही मिळालं नाही तर कालचंच पुढं. पण या हिवाळ्यात साखराबाईच्या टाचा अशा फुटल्या, की तिला टाच टेकवता येईना. ती चवड्यांवर चालत यायची. एक भेग पिकली होती. डोक्यावर मातीचं टोपलं घेऊन चवड्यांवर किती चालणार? मुकादमानं सांगून ठेवलं होतं, की चार दिवसांत नीट चालली नाहीस तर हजेरीवर तुझं नाव राहणार न्हाई. आणि तलावाचं काम गेलं तर त्या वर्षी दुसरं काम आणायचं कुठून?

दुसऱ्या दिवशी सिद्धम्मानं फळीवर हात घातला तर डबी नाही.

“इथली डबी कुठं गेली?”

“ती व्हय?” मलप्पा जेवता जेवता म्हणाला. “कचेरीतल्या मोठ्या साहेबाला दिली.”

“कामून?”

“सगळ्यात मोठी डबी होती न्हवं का? मग मोठ्या साहेबालाच द्यावी लागंल. लहानी दिली तर बरं दिसलं असतं का?”

सिद्धम्मानं त्याच्याकडे बघितलं. वाढलेली भाकरी तिनं ताटातून काढून घेतली नाही, एवढंच. मग तोंडाचा पट्टा सुटला. तुम्ही तर जिल्ह्याचे सासरे, सगळ्या कचेऱ्या तुमच्याच घरच्या, लोकांच्या बायकांची तोंडं मऊ करायचा ठेका तुम्हीच घेतला हाय. त्या साखराबाईचा पाय पिकला, तो कोणत्या साहेबाला दाखवू? मलप्पा मान खाली घालून ऐकत राहिला. त्याच्यात एक गुण होता. चूक झाली हे त्याला पटायचं आणि ती निस्तरायची म्हणून तो दुसरी करायचा.

नुकतीच महाशिवरात्र झाली होती. शिवरात्रीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मलप्पा मोठं गाठोडं पाठीवर टाकून घरी आला. सोडलं तर आत गुलाब आणि शेवंतीच्या पाकळ्या! निवडलेल्या, देठं काढलेल्या, उन्हात वाळवलेल्या.

“कुठून आणल्या एवढ्या?”

“हैदराबादच्या गाडीनं आल्या.”

“आणि निवडल्या कुणी?”

“मीच. दुकानाच्या गच्चीवर बसून. तू रोज मला बोलून राहिली, म्हटलं आपणच करावं काही तरी.”

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या माणसानं कधी मेथीची जुडी निवडली नव्हती. सिद्धम्माला खरं तर तिथंच शंका यायला पाहिजे होती. पण साखराबाईला मुकादमानं दिलेली मुदत संपत आली होती. उन्हात ठेवायला वेळ नव्हता, म्हणून तिनं पाकळ्या तेलात घालून पातेलं निखाऱ्यावरच ठेवलं आणि दुपारभर तिथून हलली नाही. रंग सुरेख उतरला. तिचा रागसुद्धा थोडा उतरला. मनातल्या मनात तिनं मलप्पाला दोन भाकऱ्या जास्तीच्या मंजूर केल्या.

मग तेल गाळायला घेतलं. फडकं पिळताना बोटांना काहीतरी चरचरीत लागलं. उलगडून बघितलं तर पाकळ्यांच्या चोथ्यात बेलाचं पान. तेलात तळून काळपट झालेलं, पण तिन्ही दळं शाबूत. पातेल्याच्या तळाशी करडा गाळ होता. तिनं तो बोटावर घेऊन चोळला. भस्म.

“आवोऽऽ!”

मलप्पा दारातच उभा होता. त्याला काही विचारावं लागलं नाही.

“हैदराबादच्या गाडीनंच आली होती फुलं,” तो म्हणाला. “खोटं न्हाई बोललो. तिथून देवळात गेली, तिथून इथं आली.”

सगळा उलगडा झाला. गल्लीच्या टोकाच्या महादेवाच्या देवळात शिवरात्रीला व्यापाऱ्यांनी फुलांच्या राशी ओतल्या होत्या. एरवी ही उतरलेली फुलं देवळामागच्या विहिरीत सोडत. या साली विहिरीला नुसता खडक उघडा पडलेला. पुजाऱ्यानं फुलांची पोती भरून कोपऱ्यात लावली होती आणि त्यांचं काय करावं या विवंचनेत तो बसला होता. मलप्पानं पोतं मागितल्यावर त्यानं विचारलंसुद्धा नाही, उलट उचलू लागला.

“देवाच्या डोक्यावरची फुलं,” सिद्धम्मा एकेक शब्द सुटा करत म्हणाली. “ती कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून लोक वाट वाकडी करून जातात. त्याचं तुम्ही टाचांचं मलम करायला लावलं मला!”

“तोंडाला चालंल की,” मलप्पा म्हणाला.

आणि चाललंच. देवाचं फूल कपाळाला लावतातच, तर गालाला लावल्यानं काय बिघडतं? तेल गाळून, मेण घालून मलम घोटून होतंय तोवर साहेबीणबाई वाटी घेऊन आल्या, बोटभर मलम तिथंच चेहऱ्याला चोळलं आणि म्हणाल्या, “काकू, या वेळी काही वेगळंच तेज येतंय!” सिद्धम्माला हसावं की पातेलं आपटावं ते कळेना. तेज यायचंच, साक्षात महादेवावरून उतरलेलं. ज्यांच्या अंगावर भेगेचा मागमूस नाही त्यांना हे चालतं, आणि जिच्यासाठी दुपारभर निखाऱ्यापाशी भाजून घेतलं तिला तेवढं चालत नाही. तिला मलप्पाचा राग आला, पुजाऱ्याचा आला, विहिरीचा आला, शेवटी महादेवाचाही आला. एवढी फुलं डोक्यावर ओतून घेतली, दोन थेंब पाणी खाली सोडायला काय झालं होतं?

दिवस मावळायच्या आधी साखराबाई आली. चवड्यांवरच. भिंतीला हात लावत, ओसरीच्या कडेला टेकली.

“झालं का अक्का मलम? वासावरून वाटलंच. मुकादम म्हणला, उद्याच्याला बघतो.”

सिद्धम्माच्या मनात आलं, सांगूच नये. हिला कुठं कळणार आहे? पण जन्मात कधी तोंड बंद ठेवायची सवय नव्हती. तिनं सगळं सांगून टाकलं, मलप्पाचा उद्धार करत.

साखराबाई ऐकत होती. मग हळूच म्हणाली, “मग नको अक्का. देवाची फुलं पायाला कशी लावू? राहू द्या. तुम्ही तरी काय करणार?” आणि राखेचं टोपलं ओढायला भिंत धरून उठली.

सिद्धम्माला हेच सोसलं नाही. ही बाई कढईवरून तास तास भांडते, राखेवरून भांडते. आणि आज, हातचं काम जायची वेळ आली, तर हिला शहाणपण सुचलं!

“बस खाली.”

“भांडी…”

“बस म्हणलं ना!” तिनं साखराबाईच्या खांद्यावर हात ठेवून तिला पाटावर बसवलं. पिण्याच्या घागरीतून तांब्या भरला. मलप्पा दारातून बघत होता. सिद्धम्मानं परात पुढं ओढली आणि साखराबाईचा पाय धरून परातीत ठेवला.

साखराबाईनं पाय ओढला. “हे काय करून राहिल्या अक्का? आमच्या पायाला हात लावता?”

“जंगमस्वामी आमच्या घरी येतात, तवा त्यांचे पाय असेच परातीत धुतो. धुऊन वर फुलं वाहतो. तवा चालतात फुलं पायाला.”

“ते स्वामी हायत. मी कोण?”

“मला जास्तीचं शिकवू नको,” सिद्धम्मा ओरडली. “पाय हलवू नको!”

इतकी वर्षं तिनं डब्या दिल्या, पण पाय कुणाचा बघितला नव्हता. साखराबाईची टाच तिनं हातात घेतली तेव्हा तिला धक्का बसला. उन्हाळ्यात रान फुटावं तशी ती फुटली होती, आणि पिकलेल्या भेगेत तिच्या करंगळीचं टोक सहज गेलं असतं. ती भेग तिनं दाबून रिकामी केली. साखराबाईनं ओठ घट्ट मिटून घेतले. मग सिद्धम्मानं कोमट मलम दोन्ही टाचांना थापलं, भेगाभेगांत भरलं, वरून जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधल्या. तिला रडू येत होतं आणि त्याचाही तिला राग येत होता.

“झालं. उद्याच्याला टाच टेकंल.”

साखराबाई आपल्या पायांकडे बघत राहिली. मग घाबरून म्हणाली, “अक्का, आता मी चालू कशी? चालले तर देवाची फुलं जमिनीला लागतील.”

मलप्पानं हसू लपवायला तोंड फिरवलं. सिद्धम्मानं कपाळाला हात लावला. आता या बाईपुढं काय डोकं फोडायचं?

“मग चालू नको! पाय वर घे, बस तशीच. सकाळपर्यंत जिरंल मलम. जिरलं की मग ते देवाचं न्हाई, तुझं. मग खुशाल चाल, नाच, तलाव खण. तवर हितंच पडून रहा.”

“आणि भांडी?”

सिद्धम्मानं पदर खोचला, राखेचं टोपलं आपल्याकडे ओढलं आणि भांड्यांच्या ढिगापुढं उकिडवी बसली. लग्नानंतर या घरात तिनं कढई घासली नव्हती. साखराबाई पाटावर दोन्ही पाय उचलून, हात मागं टेकून बसली. कढईवर फिरणारा सिद्धम्माचा हात बघत राहिली. मग तिला राहवेना.

“अक्का, असं न्हाई निघत. बुडाला कोरडी राख लावा अन् जोर द्या जरा.”

सिद्धम्मानं वर बघितलं. मग मान खाली घालून बुडाला कोरडी राख लावली आणि जोर दिला.