कापलेलं शेपूट

साठी उलटली तरी थोरल्या बहिणीला तो बाळ्याच. नाटकांचा आवाज सांभाळण्यात उभी हयात गेलेली. थिएटरात शेवटच्या रांगेतला पंखा कुरकुरला तरी याच्या कपाळाला आठी. आता घरातल्या एका खोलीत, संगणकापुढे बसून तो लोकांच्या जुन्या कॅसेटी साफ करून द्यायचा. आणि नेमकी सख्ख्या आईची कॅसेट त्याला तीन दिवस नाचवत होती.

सहा मिनिटांचं बोलणं. ताई जन्मली त्या दिवसाची हकिकत, खुद्द आईच्या तोंडून. पण मागे जुन्या फ्रिजची अखंड घरघर. ताईच्या कानाला हल्ली मशीन लागलं होतं आणि ते आईच्या आधी फ्रिजलाच मोठं करी. उरलासुरला कान जायच्या आत तिला ती हकिकत एकदा धड ऐकायची होती.

तसं काम सोपं. नुसत्या घरघरीचा तुकडा संगणकाला ऐकवायचा. तो तिची ओळख धरतो आणि सगळीकडून तेवढीच वजा करतो. फक्त त्या तुकड्यात माणूस नको. इथे तर आईनं बोलताना जन्मात कधी दम खाल्ला नव्हता. दोन वाक्यांमधली चिमूटभर जागा त्यानं कशीबशी पकडली, तर तिच्यात आईचा धापेचा श्वास. संगणकानं घरघरीबरोबर तोही उपसून काढला. आई रिकाम्या हंड्यातून बोलू लागली.

“ही कोण बाई?” ताईनं विचारलं.

त्यानं हेडफोन टेबलावर आपटले. फ्रिजला, संगणकाला, शेवटी आईलाही बोल लावून झाले. बोलून झाल्यावर तरी घटकाभर टेप चालू ठेवायची, एवढं म्हणाला आणि जीभ चावली. टेप चालूच राहिली होती. कॅसेट संगणकात उतरवताना ते रिकामं शेपूट त्यानंच, कामाचं नाही म्हणून, कापलं होतं. वर ताईला सांगितलं होतं, आता कॅसेट फेकून दे.

ताई उठली, शेजारच्या आपल्या घरी गेली आणि शिवणाच्या डब्यातून कॅसेट घेऊन आली.

“तुझं मी कधी ऐकलंय, बाळ्या?”

शेपूट वीस सेकंदांचं निघालं. निव्वळ घरघर. या खेपेला वजाबाकीही त्यानं बेतानंच केली. ताईनं डोळे मिटून सगळं ऐकलं. सुईण दारात पोचायच्या आत ताई जगात आली, हे सांगताना आई हसली होती; ते हसू आजवर फ्रिजनं गिळलं होतं.

“पुन्हा लाव,” ताई म्हणाली. “आणि ती तुझी कात्री लांब ठेव.”