वाइनच्या कोड्याचा रविवार

काल एका रिसेप्शनला रेड वाइनचा आंबूस वास आला आणि बोरीवलीच्या जुन्या घरातला तो रविवार आठवला. पेपरातलं शब्दकोडं बायको आणि मी दोघंच सोडवायचो. त्या दिवशीचं सगळं कोडं वाइनवर होतं, आणि तिचा कॉलेजातला मित्र नेमका नाशिकहून बाटली घेऊन आला होता. “मंदिराचं टिंब पडलं आणि झिंग चढली, तीन अक्षरं,” मी वाचलं. “मदिरा!” दोघं एकदमच ओरडले, टाळी देऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “अरे, लिही ना,” ती मला म्हणाली. मी पेन इतकं दाबलं की कागद फाटला. मित्र पुढे कॅनडाला गेला. कोडं आजही आम्ही दोघंच सोडवतो. पण माझ्याबरोबर ती तशी कधीच हसली नाही.